आयर्न मॅन नको, आधी जवानाची पाठ वाचवा
डीआरडीओच्या अध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष,
संरक्षण संशोधन आणि विकास संस्था (डीआरडीओ),
नवी दिल्ली

महोदय,


१५ जानेवारी २०२५ रोजी लष्कर दिनाचे संचलन पुण्यात, खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या मैदानावर झाले. त्यात चार पायांची ‘रोबोटिक म्यूल’ रांगेने चालली आणि त्यांचे व्हिडिओ देशभर फिरले. या यांत्रिक खेचरांपाठोपाठ आता चर्चा आहे ती जवानाच्या अंगावर चढवायच्या यंत्राची, म्हणजे मोटारींवर चालणाऱ्या एक्सोस्केलेटनची. आपल्या बंगळुरूच्या ‘डेबेल’ प्रयोगशाळेने हा विषय हाती घेतलेला आहेच. चीनच्या सरकारी माध्यमांनी तिबेटच्या उंचीवर असे सांगाडे घालून रसद नेणारे सैनिक दाखवले आहेत. ‘मग आपले कुठे आहे?’ असे आपल्याला अधूनमधून कोणी ना कोणी विचारत असणारच. त्या प्रश्नाच्या दडपणाखाली काही ठरण्याआधी एका करदात्याचे म्हणणे कानावर घालावे, म्हणून हे पत्र.

म्हणणे थोडक्यात असे: एक्सोस्केलेटन जरूर करा, पण सुरुवात हल्ल्याला निघालेल्या जवानापासून करू नका.

या वाटेवर अमेरिकेने साठ वर्षे पैसा ओतला आहे. त्याचा जमाखर्च आपण फुकटात वाचू शकतो. १९६५ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीने ‘हार्डीमन’ बांधायला घेतला. त्याचे स्वतःचेच वजन होते सुमारे ६८० किलो. सगळे अवयव एकदम चालू केले की तो बेफाम झटके देई, त्यामुळे शेवटी त्याच्या एका हाताचेच काम पुढे गेले. या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या ‘डार्पा’ या संरक्षण संशोधन संस्थेने नव्याने निधी दिला. त्यातून बर्कली विद्यापीठात पायांचा सांगाडा तयार झाला आणि पुढे लॉकहीड मार्टिनने ९० किलो ओझे पेलणारा ‘हल्क’ आणला. तो पलटणींत कधीच रुळला नाही. २०१३ मध्ये अमेरिकेच्या विशेष दलांचे प्रमुख अॅडमिरल विल्यम मॅकरेव्हन यांनी ‘टॅलोस’ या चिलखती पोशाखाची घोषणा केली. लोकांनी त्याला लगेच आयर्न मॅन म्हटले. २०१९ मध्ये त्याच विशेष दलांनी हा पोशाख जवळच्या लढाईला योग्य नसल्याचे सांगून प्रकल्प गुंडाळला.

एवढा पैसा आणि एवढी बुद्धी लावूनही हे का जमले नाही? पहिले कारण माणसाचे चालणे. लाखो वर्षांत आपली चाल इतकी काटकसरी झाली आहे की तिच्यात बाहेरून भर घालणे महाकठीण. कमरेवर बांधलेला एक किलो फारसा जाणवत नाही. तोच पावलावर बांधला तर कित्येक पट दमवतो. सांगाड्याचे लोखंड आणि मोटारी मात्र पायांवरच येतात. त्यात यंत्राचे पाऊल क्षणभर उशिरा पडले तर शाळेतल्या तीन पायांच्या शर्यतीसारखी गत होते आणि जवानाचे स्नायू यंत्राशीच झगडत बसतात. म्हणूनच अमेरिकी लष्कराच्या नॅटिक इथल्या चाचण्यांत असा सांगाडा घातलेल्या सैनिकांचा ऑक्सिजनचा खप कमी होण्याऐवजी वाढलेला दिसला. उलट २०१५ मध्ये संशोधक स्टीव्हन कॉलिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घोट्याला लावायचे एक हलके उपकरण दाखवले. मोटार नाही, बॅटरी नाही, फक्त एक स्प्रिंग आणि क्लच. तरी चालण्याची ऊर्जा सुमारे सात टक्क्यांनी वाचली.

दुसरे कारण बॅटरी. साधा हिशेब मांडू. दोन्ही पायांच्या मोटारींना सरासरी २०० वॅट लागतात असे धरले, तर आठ तासांच्या चालीला १,६०० वॅट-तास हवेत. चांगली लिथियम बॅटरी किलोमागे २०० वॅट-तासांच्या आसपास देते. म्हणजे नुसती बॅटरीच आठ किलोची. हे झाले उबदार हवेतले. सियाचीनच्या ठाण्यांवर पारा उणे ५० पर्यंत उतरतो. थंडीत बॅटरीची ताकद झपाट्याने घटते, आणि शून्याखाली ती चार्ज केली तर आत धातूचा थर साचून कायमची बाद होऊ शकते. म्हणजे तिला ऊब देण्यासाठी केरोसीन जाळायचे, आणि ते केरोसीनही कोणाच्या तरी पाठीवरूनच वर चढवायचे.

आता तिसरी गोष्ट, जिची मला सर्वांत जास्त धास्ती वाटते. २००३ मध्ये अफगाणिस्तानात अमेरिकी पायदळाच्या ओझ्यांची प्रत्यक्ष वजने घेतली गेली. लढताना सरासरी २९ किलो, चालीवर निघताना ४६ किलो, आणि बिकट प्रसंगी ६० किलो. तोवर तंबू हलके झाले होते, कापड हलके झाले होते, शिधाही हलका झाला होता. जवानाचे ओझे मात्र हलके झाले नव्हते. जागा मोकळी झाली की तिथे रेडिओ, बॅटऱ्या, चिलखत, जादा गोळ्या येऊन बसतात. एक्सोस्केलेटन २० किलो पेलते असे एकदा सिद्ध झाले की कोणीतरी वरिष्ठ ते २० किलो यादीत घालणार. मग कड्याच्या मध्यावर मोटार बंद पडली की जवानाच्या अंगावर जुने ओझे, नवे ओझे आणि निपचित पडलेले यंत्र, अशी तिप्पट शिक्षा.

तरीही मी ‘करा’ म्हणतो, कारण लष्करात अशी कितीतरी कामे आहेत जिथे माणूस एका जागी उभा राहून दिवसभर वजन उचलतो. १५५ मिलिमीटर तोफेचा एक गोळा सुमारे ४५ किलोचा. तो पेटीतून काढायचा, छातीशी धरायचा, कमरेत वाकून ठेवायचा, पुन्हा पुढचा घ्यायचा. कारगिलच्या युद्धात आपल्या तोफखान्याने गोळे, बॉम्ब आणि रॉकेटे मिळून अडीच लाखांवर मारा केला. त्यातला गोळा न् गोळा ट्रकमधून उतरताना, रचताना, तोफेपाशी नेताना माणसांच्या हातांतून गेला. त्या जवानांच्या मणक्यांची नोंद कुठल्याही विजयगाथेत नाही. दारूगोळा भांडारात वीज असते, बॅटरी बदलता येते, बिघडलेला सांगाडा उतरवून बाजूला ठेवता येतो आणि समोरून गोळी येत नसते. अमेरिकेनेही आता हा धडा गिरवला आहे. व्हँडरबिल्ट विद्यापीठाबरोबर तिथल्या लष्कराने ‘सेबर’ नावाचा पाठीचा पट्टा तयार केला. वजन दीड किलोच्या आसपास आणि काम एकच: वाकताना-उचलताना पाठीवरचा ताण कमी करायचा. तो दिसायला कसलाही भव्य नाही, आणि त्यातच त्याचे शहाणपण आहे.

दुसरे ठिकाण तर संचलन झाले त्या खडकीतच आहे. तिथले पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर मणक्याला इजा झालेल्या जवानांना १९७४ पासून सांभाळते आहे. वानवडीजवळचे कृत्रिम अवयव केंद्र तर १९४४ पासूनचे. कमरेखालची ताकद गेलेल्या माणसाला उभे करणारे मोटारीचे सांगाडे आज अस्तित्वात आहेत. अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाने २०१५ मध्ये पात्र जवानांना असे ‘रीवॉक’ यंत्र सरकारी खर्चाने द्यायचे ठरवले. गुळगुळीत फरशीवर, हाती कुबड्या घेऊन, सावकाश चार पावले टाकायची, यासाठी आजची बॅटरी आणि आजचे तंत्र पुरेसे आहे. दिघीत ‘दक्ष’ रोबो घडवणारी आपलीच प्रयोगशाळा या दोन्ही केंद्रांपासून काही किलोमीटरवर आहे.

तेव्हा तीन मागण्या करतो.

एक, कुठल्याही सांगाड्याची परीक्षा किती किलो उचलले यावर घेऊ नका. तो घालून आणि न घालता त्याच जवानाचा ऑक्सिजनचा खप मोजा, उंचीवर मोजा, आणि गोपनीय नसलेले निकाल जाहीर करा.

दोन, लष्कराबरोबर लेखी नियम करा: बंद पडलेल्या यंत्रासकट जेवढे ओझे जवान सुखरूप माघारी आणू शकेल, त्याहून एक किलोही अधिक त्याच्या पाठीवर चढणार नाही. आणि एका झटक्यात तो सांगाडा अंगावरून उतरलाच पाहिजे.

तीन, पहिली शंभर यंत्रे तोफखाना, दारूगोळा भांडारे आणि खडकी-पुण्याची पुनर्वसन केंद्रे यांना द्या. तिथे ती पाच वर्षे वापरात टिकली, तर मग डोंगराचा विचार करा.

असे केल्याने पुढच्या संचलनात दाखवायला कदाचित काही नसेल. चालेल. आपल्या संस्थेकडून देशाला देखावा नको आहे. निवृत्तीनंतर सरळ पाठीने चालणारा जवान हवा आहे.

कळावे,
आपला,
पुण्यातील एक करदाता