कुत्र्याचं हॉस्टेल

आधी कबुली देतो, मग मत मांडतो. दोन वर्षांपूर्वी मी काश्मीर खोऱ्यात असताना पुण्याहून ताईचा फोन आला. तिचा लॅब्राडोर ब्रूनो वर्षाचा झाला होता आणि कुणाला आवरत नव्हता. फिरायला नेलं की तोच ताईला ओढत न्यायचा. दारात कुणी आलं की अंगावर उडी. माझ्या पोस्टिंगांमुळे आई ताईकडेच असते, तिचं वय चौऱ्याहत्तर; एकदा ती पडता पडता वाचली. ताई म्हणाली, "अरे, तुमच्याकडे कुत्र्यांना एवढं शिकवतात, मी काय करू सांग." नेटवर्क जेमतेम होतं. मी म्हणालो, "अगं, दीड महिना ट्रेनिंग हॉस्टेलला टाक. शिस्त लागेल."

फौजी माणसाचा सल्ला, म्हणून तिने ऐकला.

खरं तर त्याच दिवसांत माझ्या डोळ्यांसमोर रोज याच्या उलट चाललं होतं. पहाटे रस्ता तपासायला आमची रोड ओपनिंग पार्टी निघायची. सोबत स्फोटकं हुंगणारी एक काळी लॅब्राडोर आणि तिचा हँडलर, एक नाईक. तिला खायला तोच घालायचा, अंगावरून ब्रश तोच फिरवायचा. रोज संध्याकाळी तिचे पंजे, कान, दात तपासायचा. काटा घुसलाय का, गोचीड लागलीय का. एकदा मी गमतीने तिला "सिट" म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, मान वळवून नाईककडे बघितलं. तो ओशाळून म्हणाला, "साहब, आपका ऑर्डर मैं मानता हूँ, ये नहीं मानती."

मेरठच्या आरव्हीसी सेंटरमध्ये, म्हणजे रिमाउंट व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रात, नुसता कुत्रा तयार होत नाही. जोडी तयार होते. २०१५ साली तंगधार क्षेत्रात मानसी ही लॅब्राडोर आणि तिचे हँडलर बशीर अहमद वार घुसखोरांशी झालेल्या चकमकीत गेले. पुढे मानसीचं नाव मेन्शन इन डिस्पॅचेसमध्ये आलं. त्या दोघांना एकमेकांपासून वेगळं काढून काही सांगताच येत नाही.

हे सगळं माहीत असून मी ताईला कुत्रा एकटा पाठवायला सांगितला.

ब्रूनो परत आला. हॉस्टेलवाल्यांनी व्हिडिओ पाठवले होते: बसतो, झोपतो, थांबतो, पायाला पाय लावून चालतो. पंधरा दिवसांत सगळं पुसलं गेलं. नवीन एकच गोष्ट उरली. कुणी हात वर केला की तो टेबलाखाली जायचा. महिन्याभराने भाचा गळ्यात पट्टा घालायला गेला, तर गुरगुरला आणि दात हाताला लागले. रक्त आलं नाही, पण घर हादरलं. दाजी म्हणाले, देऊन टाकू कुणाला तरी. ताई फोनवर रडली. नशिबाने माझी रजा जवळ आली होती.

मग एक ट्रेनर मुलगी घरी आली. अर्धा तास तिने कुत्र्याला हात लावला नाही, नुसते प्रश्न विचारले. खायला कोण घालतं? किती वेळा? दिवसात किती तास एकटा असतो? नंतर म्हणाली, "काकू, ट्रेनिंग नंतर. आधी डॉक्टरांना कान दाखवा." कानात चांगलंच इन्फेक्शन निघालं. पट्टा चढवताना कानाला लागायचं, म्हणून तो गुरगुरायचा. लॅब्राडोरचे कान लोंबते, आत ओल राहते, हा त्रास त्यांना नेहमीचा. शांत कुत्रा एकाएकी चावरा झाला तर आधी दुखतंय का ते बघावं. रोज कान बघणाऱ्या माझ्या नाईकच्या हे पहिल्या दिवशी लक्षात आलं असतं.

कान बरा झाल्यावर तिने आम्हाला रांगेत उभं केलं. ब्रूनोला बसायला सांगा. ताई "सिट", दाजी "सिट डाऊन", भाचा "डाऊन", आई "बैस रे बाळा". तो फक्त आईसमोर बसला, कारण आईच्या हातात पोळीचा तुकडा असायचा. मुलगी म्हणाली, "मग आजींचाच शब्द ठेवू. पण तुकडा बसल्यावर, आधी नाही." त्या दिवसापासून घरात हुकूम एकच, "बैस." आणि उडी मारली की पाठ फिरवायची, कारण इतके दिवस उडी मारल्यावरच सगळे त्याचे लाड करत होते. आठवड्याला दोनदा ती यायची. प्रत्येक वेळी साखळी घरातल्या कुणाच्या तरी हातात. तिच्या हातात क्वचितच.

एनडीएत रायडिंग शिकताना आमचे उस्ताद सांगायचे की घोड्याला सगळं येतं, येत नाही ते तुम्हाला. वीस वर्षांनी पुन्हा तोच धडा मी गिरवला, तोही कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. घरी येऊन शिकवणाऱ्या माणसाला पैसे द्या, पण तो कुत्र्याला शिकवतो की तुम्हाला, ते बघा. तासभर एकट्यानेच कुत्रा फिरवून परत आणून देत असेल, तर ते फिरवणं झालं, शिक्षण नव्हे. गावाला जाताना बोर्डिंगमध्ये ठेवायला माझी हरकत नाही, तीही एक गरज आहे. पण "वेळ नाही म्हणूनच तर पैसे देतो" असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो, मग कुत्रा कशाला आणला? तोही मे महिन्यात एसीशिवाय धापा टाकणारा हस्की?

आणि आपल्या निवृत्त मंडळींना एक विनंती. हँडलर म्हणून सेवा केलेले काही जण आता हा व्यवसाय करतात, चांगली गोष्ट आहे. पण "फौजी शिस्त" या शब्दांवर गिऱ्हाईक ओढू नका. लोकांना वाटतं, म्हणजे काठी. स्फोटकं शोधणारा कुत्रा कशासाठी राबतो, तर चेंडू आणि हँडलरच्या शाबासकीसाठी, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तेच विका.

ब्रूनो आता तीन वर्षांचा आहे. दूधवाल्यावर अजून उडी मारतो. गेल्या रजेत मी साखळी हातात घेतली, ऐटीत म्हणालो, "बैस." त्याने मान वळवून आईकडे बघितलं.