कुऱ्हाडीचा पूर्वपक्ष

वैशाख अर्धा सरला की मुंबई महानगरपालिकेकडून गृहनिर्माण संस्थांना जी सूचनापत्रे धाडली जातात त्यांतून, आणि त्याच सुमारास रस्त्यारस्त्यांवर सुरू होणाऱ्या करवतींच्या घरघरीतून, एक मत नागरिकांच्या मनात इतके रुजले आहे की त्याला हरकत घ्यावी असे कोणास सुचतही नाही. ते मत थोडक्यात असे : झाडाला रोग जडला म्हणजे ते धोकादायक झाले, धोकादायक झाले म्हणजे ते तोडणे प्राप्त झाले, आणि जे तोडता येत नाही त्याच्या फांद्या पावसापूर्वी उतरवल्या म्हणजे पालिकेचे कर्तव्य पार पडले. या मताच्या पाठीशी भय आहे आणि ते भय खोटे नाही; झाडाखाली सापडून माणसे खरोखर मरतात. परंतु भय खरे असले म्हणून त्यावर योजलेला इलाजही खरा ठरतो असे नाही.

पहिल्या विधानाला कायद्याचाच आधार मिळाला आहे. नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राने १९७५ साली जो अधिनियम केला, त्यात तोडीची परवानगी कोणत्या झाडांच्या बाबतीत नाकारू नये हे सांगताना मृत, रोगग्रस्त आणि जीवितास धोका निर्माण करणारी झाडे एकाच पंक्तीस बसवली आहेत. वनस्पतिशास्त्राला ही पंगत मान्य होण्यासारखी नाही. जुन्या वृक्षाच्या खोडाचा गाभा हा मुळातच निर्जीव असतो. जीवनरसाची ने-आण बाहेरच्या पातळ वलयातून चालते, आणि म्हणूनच आतून ढोल पडलेला वड किंवा चिंच पिढ्यान्‌पिढ्या पालवत राहते. क्लाउस मॅथेक या जर्मन अभ्यासकाने पडलेल्या आणि उभ्या राहिलेल्या पोकळ वृक्षांची मोजमापे घेऊन असा दंडक सुचवला की खोडाची निकोप कड त्रिज्येच्या सुमारे एक-तृतीयांशाहून पातळ झाली म्हणजे चिंता करावी. या दंडकावर वाद आहेत. पण निदान तो मोजून बोलतो, खोडावर अळंबी दिसली म्हणून लगेच तोडीचा शेरा मारीत नाही. शिवाय धोका हा एकट्या झाडाचा गुण नव्हे. निर्मनुष्य माळावरचा वठलेला वृक्ष कोणाचेच काही बिघडवीत नाही; शाळेच्या फाटकावर लोंबणारी एकच कुजकी फांदी मात्र आजच्या आज उतरवली पाहिजे.

छाटणीविषयी तर काय बोलावे! मजुराचा हात जिथवर पोहोचतो तिथवरच्या खालच्या फांद्या सपासप उतरवून शेंड्याला तेवढा पर्णभार ठेवायचा, ही जी पद्धत आपल्याकडे रूढ झाली आहे, तिच्यामुळे झाडाचा तोल वर सरकतो आणि वाऱ्याचा जोर नेमका त्याच ठिकाणी बसतो. फांदी जिथे खोडाला मिळते तिथल्या फुगीर कड्यालगत, पण त्या कड्याला न दुखवता, काप घेतला तर झाड ती जखम आपल्या हाताने मिटवते. खोडासरसा काप घेतला तर ती उघडी राहून कुजीला वाट करून देते. ॲलेक्स शायगो या अमेरिकन वृक्षवैद्याने हजारो खोडे उभी चिरून हे दाखवून दिल्याला आता अनेक दशके लोटली. वडाची कथा याहून करुण आहे : रहदारीला अडतात म्हणून त्याच्या पारंब्या वर्षानुवर्षे छाटायच्या, जमिनीला टेकून त्यांचे खांब होऊ द्यायचे नाहीत, आणि मग एखाद्या आषाढात तो आडवा झाला की निसर्गाच्या कोपाचा दाखला द्यायचा.

आणि खरा रोग तर जिथे कोणी पाहतच नाही तिथे असतो. झाडाची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या हात-दोन हात थरातच, पण पर्णसंभाराच्या कितीतरी पलीकडे पसरलेली असतात. त्या थरात आपण केबलींचे चर खणतो, गटारे बांधतो, आणि वरून पदपथाचा सिमेंट-गिलावा थेट खोडाच्या गळ्याशी आणून भिडवतो. दिल्लीच्या बाबतीत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा हुकूम दिला होता. न्यायासनाला हे सांगावे लागावे यातच आपल्या नगररचनेची कैफियत आली. २०१० नंतरच्या दशकात मुंबईतले पर्जन्यवृक्ष शेकड्यांनी वाळले, तेव्हा ठपका पिठ्या ढेकणावर ठेवण्यात आला. तो कीटक निर्दोष नव्हता; पण मूळ कोंडलेल्या, पाणी तुटलेल्या वृक्षावर तो पडला नसता तर त्याला इतके यश आले असते असे आम्हांस वाटत नाही. मुळे तुटलेले झाड वरून महिनोन्‌महिने हिरवेगार दिसते, म्हणून पाहणीतून सुटते, आणि रोगट दिसणारे पण खंबीर उभे असलेले शेजारचे झाड मात्र कुऱ्हाडीला बळी जाते.

येथवर वाचून वृक्षप्रेमी मंडळी संतुष्ट झाली असतील, तर त्यांचाही समाचार घेतला पाहिजे. एकही झाड तोडू देणार नाही ही प्रतिज्ञा सभेत शोभते, रस्त्यावर शोभत नाही. अ‍ॅमस्टरडॅममध्ये ॲन फ्रँकच्या खिडकीतून दिसणारे चेस्टनटचे झाड बुरशीने पोखरले, तेव्हा २००७ मध्ये तोडीचा निर्णय झाला, लोक न्यायालयात गेले, लोखंडी आधार उभारला गेला. ऑगस्ट २०१० च्या वादळात झाड त्या आधारासकट कोसळले. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. चेंबूरला जुलै २०१७ मध्ये नारळाचे झाड अंगावर पडून एक महिला मरण पावली, तेथे ते सुदैव नव्हते. रहिवाशांनी ते झाड काढण्याची मागणी आधीच केलेली होती आणि ती मान्य झाली नव्हती. नारळ-ताडाच्या जातीत जखम भरून काढणारा थरच नसतो, तेव्हा वडा-पिंपळाचे निकष त्यांना लावणे हीच चूक, हे जाणणारा माणूस पाहणीला हवा. अर्थात १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळाचा वारा कुलाब्यास ताशी ११४ किलोमीटरवर गेला आणि मुंबईत दोन हजारांहून अधिक झाडे पडली, तसल्या दिवशी कोणत्याही खात्याची मात्रा चालत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

मग आमचा पक्ष कोणता? झाडे तोडावीत, पण सकारण आणि उघडपणे तोडावीत. वाळलेला पर्जन्यवृक्ष रहदारीवर वर्षभर उभा ठेवणे ही दया नव्हे, बेफिकिरी आहे. महानगराच्या २०१८ च्या वृक्षगणनेत सुमारे तीस लाख झाडे भरली. त्यांतली गर्दीच्या रस्त्यांवरची, शाळा-रुग्णालयांजवळची आणि वयोवृद्ध झाडे निवडून त्यांचे स्वतंत्र दप्तर ठेवणे अशक्य नाही. त्यात मुळाशी कोणी कधी खणले, काप कोठे घेतला, खोड ठोकून वा यंत्राने तपासता काय आढळले, याची नोंद पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावानिशी असावी, आणि तोडा म्हणणाऱ्याइतकीच राहू द्या म्हणणाऱ्यानेही आपली कारणे लिहून द्यावीत. चर खणणाऱ्या खात्याला वृक्ष अधिकाऱ्याच्या लेखी संमतीवाचून कुदळ मारता येऊ नये. १९७५ च्या त्याच अधिनियमातील २०२१ च्या दुरुस्तीने तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याची तरतूद केली, ती ऐकायला उदार आहे. पण साठ वर्षांच्या झाडाच्या मोबदल्यात साठ रोपे कोठेतरी दूरच्या मोकळ्या जागेत लागणार आणि ज्या आळ्यातून ते झाड गेले ते सिमेंटने बुजणार असेल, तर त्या रस्त्यावरून चालणाऱ्याच्या पदरात काय पडले?

वाचकांस विनंती इतकीच की यंदा झाडावर नोटीस डकवलेली दिसली तर तोडीच्या बाजूने वा विरुद्ध अर्ज लिहिण्यापूर्वी त्या झाडाच्या पाहणीचा लेखी अहवाल मागावा, आणि तो येईपर्यंत आपल्याच संस्थेच्या आवारातील झाडांच्या बुंध्याभोवतीचे सिमेंट निदान एक मीटरपर्यंत फोडून घ्यावे.