वारसा ब्रासच्या भावात

लंकावीला जाऊन, पैसे मोजून दगड पाहून आलो. मलेशियाचं हे बेट २००७ पासून जिओपार्क आहे. खारफुटीतून बोटीने फिरवलं, मचिंचांगचा पन्नास कोटी वर्षांहून जुना वालुकाश्म दाखवला, आणि सोबतची खान्देशी मंडळी माना वर करून थक्क झाली. याच मंडळींना धुळ्याचे दगड बघायला चला म्हटलं की उत्तर ठरलेलं : ‘‘आठे काय शे?’’

काय आहे ते ऐका. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भेगांतून शिलारस वर चढला. भेगांतच जो थिजला त्याच्या भिंती झाल्या, म्हणजे डाईक. भोवतालचा खडक झिजला आणि पुष्कळ ठिकाणी त्या उघड्या पडल्या. नंदुरबार-धुळे पट्ट्यात भूवैज्ञानिकांनी अशा दोनशेवर भिंती नोंदवल्यात. त्यातली साक्री-धुळे-पारोळा ही एकटी ७९ किलोमीटर लांब! सुरत-नागपूर महामार्ग याच तीन गावांवरून जातो. आपण गाडीत झोपलेले असतो.

सरकारदरबारी या दगडाची ओळख एकच : गौण खनिज. रॉयल्टी भरा, पावती घ्या, ब्रासने उचला. त्याची खरी पारख क्रशरवाल्यालाच.

पाण्याचं तर विचारूच नका. न तडकलेली डाईक जमिनीखाली पाणी अडवते, तडकलेली असेल तर तेच पाणी दूर नेते. विहीर कुठे खणावी हे सांगणारा नकाशा पायाखाली आणि आम्ही तळहातावर नारळ उभा करून शेतभर फिरतोय.

लंकावीतही सगळं सोवळं नाही. पर्यटकांसाठी गरुडांना कोंबडीची कातडी टाकण्याचा धंदा तिथलाच. पण युनेस्को दर चार वर्षांनी तपासणी करते, चुकलात तर पिवळं कार्ड, मग लाल. आमच्याकडे कार्ड काढणार कोण? भारतात युनेस्कोचा एकही जिओपार्क नाही. भूवारसा कायद्याचा मसुदा २०२२ मध्ये निघाला. पाचगणी-महाबळेश्वरचा दख्खनी खडक २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेला. बरोबरच आहे, तिथे स्ट्रॉबेरी पिकते, इथे ऊन.

मला कमान नको, सेल्फी पॉइंट तर नकोच. साक्री ते पारोळा ही भिंत ज्या ज्या गटातून जाते, त्या प्रत्येक सातबाऱ्यावर तशी नोंद करा आणि तिथे खाणीचे नवे परवाने थांबवा. रस्त्याला खडी लागते, मान्य. ती साध्या काळ्या पाषाणाचीही होते आणि त्याचा तुटवडा धुळे-जळगावात कोणी सांगू नये.