पहाटेच्या सायकलीला दिवा हवा

मीरा-भाईंदरच्या नागरिक बंधू-भगिनींनो,

सकाळी दार उघडले की कडीला वर्तमानपत्र अडकवलेले असते, दुधाची पिशवी लटकत असते आणि खाली गल्लीत पाववाल्याची हाक येऊन गेलेली असते. या तिन्ही गोष्टी बऱ्याचदा सायकलवरून आपल्या दारी येतात, आणि त्या निघतात तेव्हा बाहेर काळोख असतो. जानेवारीत आपल्याकडे सूर्य उगवायला सव्वासात वाजतात. म्हणजे थंडीच्या दिवसांत पेपर टाकणाऱ्या मुलाचे काम जवळजवळ संपते तेव्हा कुठे उजाडू लागते.

एखाद्या पहाटे पाच वाजता गोल्डन नेस्टच्या चौकात किंवा काशिमीरा नाक्यावर दहा मिनिटे उभे राहा. पावाची सायकल जाईल. मागच्या कॅरिअरवर चालवणाऱ्याच्या खांद्यापर्यंत पोहोचणारे ओझे, त्यावर निळे प्लास्टिक, दोरीने करकचून आवळलेले. त्या प्लास्टिकखाली मागचा लाल रिफ्लेक्टर पार झाकला गेलेला असतो. पुढे दिवा नसतो. भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांतून रात्रपाळी करून सायकलवर निघालेले कामगार दिसतील, ड्युटी संपवून घरी चाललेले वॉचमन दिसतील. एखाद्याच्या हातात मोबाइलचा टॉर्च असतो, बाकीचे रस्त्यावरच्या खांबांच्या भरवशावर असतात. आणि त्यांना खेटून घोडबंदरकडे वळणारे ट्रेलर जात असतात.

हे आवाहन या सायकलस्वारांसाठी आहे. ते मी का करतो आहे, हे आधी सांगायला हवे.

मी तब्येतीसाठी सायकल चालवतो. भाईंदर पश्चिमेहून निघायचे, मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी करत उत्तनला समुद्र पाहायचा आणि परत यायचे, असा माझा पहाटेचा नेम. काही वर्षांपूर्वी मी एक प्रखर दिवा विकत घेतला. खोक्यावरचा आकडा जितका मोठा तितका दिवा चांगला, एवढीच तेव्हा माझी समज होती. डिसेंबरातली पहाट होती. राई गावाच्या पुढे, जिथे खांब विरळ होतात, तिथे समोरून एक दूधवाला येत होता. माझा झोत सरळ त्याच्या तोंडावर गेला. त्याने डोळ्यांवर हात घेतला, हँडल वळले आणि तो कडेच्या खडीत आडवा झाला. गुडघा सोलवटला होता, पण त्याने आधी सावरला तो दुधाचा कॅन. माझ्याच दिव्याच्या लख्ख उजेडात डांबरावर दूध पसरत चाललेले मी पाहिले. दुधाचे पैसे मी दिले. त्याच्या सायकलीला दिवाच नव्हता आणि माझ्या सायकलीला नको तेवढा होता. पडला मात्र तो.

त्यानंतर मी दिव्यांबद्दल जे मिळेल ते वाचले, निरनिराळे दिवे लावून पाहिले. त्यातून जे कळले ते तुमच्यापुढे ठेवतो.

खोक्यावर लिहिलेले लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो कुठे जातो, हे त्या आकड्यावरून कळत नाही. गोल झोताचा साधा टॉर्च हँडलला बांधला की निम्मा उजेड झाडांच्या शेंड्यांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. एखाद्या जागेवर प्रत्यक्ष किती उजेड पडतो ते लक्स या एककात मोजतात, आणि सायकलस्वाराच्या कामाचा आकडा हाच. चांगल्या हेडलाइटचा झोत मोटारीच्या डिपरसारखा वरच्या बाजूने कापलेला असतो. खाली रस्ता उजळतो, वर अंधार राहतो. जर्मनीत सायकलच्या दिव्याने समोरच्याला दिपवता कामा नये, असे वाहतुकीच्या नियमांतच आहे. मान्यता मिळालेल्या दिव्यावर तिथे के अक्षर आणि क्रमांक छापलेला असतो. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक दिव्यांवर असे काही नसते, म्हणून दुकानात दिवा पेटवून भिंतीवर झोत कसा पडतो हे आपणच पाहून घ्यावे. वरची कड सरळ आणि ठळक दिसली तर तो दिवा घ्यावा. नुसता पांढरा गोळा दिसला तर दुसरा दाखवायला सांगावे.

उजेड किती लांब पडायला हवा, याचा हिशेब सोपा आहे. ताशी 20 किलोमीटर वेगाने सायकल सेकंदाला साडेपाच मीटर जाते. खड्डा डोळ्यांना दिसून बोटे ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद जातो, म्हणजे आठ मीटर तिथेच गेले. मग थांबायला आणखी पाचेक मीटर. कोरड्या रस्त्यावरच हे तेरा-चौदा मीटर होतात, आणि पावसात रिम ओली असली की ब्रेक धरायलाच वेळ लागतो. तेव्हा वीस मीटरपर्यंतचा रस्ता नीट दिसायला हवा. खांबांचे दिवे असलेल्या मीरा रोडच्या रस्त्यांवर 200 लुमेन पुरतात. उत्तनच्या वाटेवर किंवा घोडबंदरला चेण्याच्या बाजूला 400 ते 500 लुमेन, तेही नीट खाली वळवलेले, भरपूर झाले. त्याहून जास्त लागत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

अंधारात खड्डा दिसतो तो त्याच्या सावलीमुळे. दिवा हँडलवर, डोळ्यांपेक्षा बराच खाली असला की खड्ड्याच्या अलीकडच्या काठाची काळी सावली आत पडते आणि तो लांबूनच ओळखू येतो. तोच दिवा हेल्मेटवर लावला तर उजेड आणि नजर एकाच रेषेत येतात, सावली काठामागे लपते आणि खड्डा सपाट डांबरासारखा दिसतो. शिवाय मान वळेल तिकडे झोत वळतो आणि लोकांच्या डोळ्यांत जातो. उखडलेले पेव्हर ब्लॉक, रस्त्याच्या पातळीवरून खाली गेलेली गटाराची झाकणे आणि बिनरंगाचे गतिरोधक आपल्याला काही नवे नाहीत. तेव्हा दिवा हँडलवरच असू द्या.

आता बॅटरीविषयी, कारण इथे गरीब माणूस सर्वांत जास्त फसतो. रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या टॉर्चमध्ये जो जाडसर सेल असतो तो बहुधा 18650 या मापाचा असतो, म्हणजे 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब. या मापाच्या उत्तम सेलमध्येही साधारण 3500 मिलीअँपिअर-तासांपर्यंतच वीज मावते. तरी 9900 छापलेले सेल सर्रास विकले जातात. तो आकडा खोटा आहे. एलईडीला शंभर लुमेनसाठी साधारण एक वॅट लागतो असे धरले, तर एका चांगल्या सेलवर हजार लुमेन जेमतेम तासभर चालतात. एका सेलवर पाच हजार लुमेन आणि तेही पाच तास, असे जिथे लिहिलेले असेल तो दिवा हातात घेऊ नका. पेपर टाकणाऱ्याला तीन तास उजेड लागतो. त्याला 200 लुमेनवर तीन-चार तास टिकणारा आणि मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होणारा दिवा उपयोगाचा.

पावसाळ्याचा विचार न करता घेतलेला दिवा जुलैपर्यंत टिकत नाही. खोक्यावर आयपीएक्स आणि पुढे एक आकडा असतो. 4 म्हणजे चहूकडून उडणारे शिंतोडे सोसतो, 5 आणि 6 म्हणजे पाण्याचा फवारा सोसतो. आपल्या पावसाला चारच्या खाली उतरू नये, जमल्यास सहा घ्यावा. उत्तन, पाली, चौकच्या लोकांना खारा वारा जास्त. तिथे चार्जिंगच्या भोकावरचे रबरी झाकण सैल असले तर आतली पितळी टोके हिरवी पडतात. रात्री घरी आल्यावर दिवा कोरड्या फडक्याने पुसावा आणि पूर्ण सुकल्यावरच चार्जिंगला लावावा.

जुन्या पिढीला डायनॅमो आठवत असेल. टायरला घासत गुणगुणणारा, 6 व्होल्ट आणि 3 वॅटचा. चार्जिंगची कटकट नाही, ही त्याची मोठी सोय. पण पावसात तो टायरवरून घसरतो आणि सायकल थांबली की साधा डायनॅमो विझतो, म्हणजे सिग्नलला, नेमका जिथे मागून ट्रक येतो तिथे. ज्यांच्याकडे तो चालू आहे त्यांनी काढू नये, सोबत मागे एक छोटा लाल दिवा बसवावा. त्या काळी दिव्याशिवाय किंवा डबलसीट सापडले की पोलीस चाकांची हवा सोडत. त्या धाकाने का होईना, गावोगावी सायकलींना दिवे असत. आज कारखान्यातून निघालेल्या सायकलीला रिफ्लेक्टर असतात, दिवा नसतो. रिफ्लेक्टर स्वतः उजळत नाही. दुसऱ्याचा उजेड त्यावर पडला तरच तो चमकतो, आणि आपल्याला खड्डा दाखवण्याचे काम तो करूच शकत नाही. तरीही पेडलवरचे पिवळे रिफ्लेक्टर काढू नका. ते पायांबरोबर वर-खाली होतात आणि पुढे सायकल चालली आहे हे मोटारवाल्याच्या चटकन ध्यानात येते.

दिवा आणल्यावर एक काम आजच करा. सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीपासून पाच मीटरवर सायकल उभी करा. दिवा जमिनीपासून एक मीटर उंचीवर असेल, तर भिंतीवर झोताचा मध्य पाऊण मीटरवर आला पाहिजे. म्हणजे रस्त्यावर तो वीस मीटरवर टेकतो. तिथे क्लॅम्पवर खडूने किंवा नेलपॉलिशने खूण करून ठेवा, कारण खड्ड्यांतून गेल्यावर दिवा हळूहळू मान वर करतो. लुकलुकणारा पुढचा दिवा रात्री लावू नका. त्याचे अंतर समोरच्याला नीट कळत नाही आणि आपल्यालाही रस्ता तुटक तुटक दिसतो. रात्री स्थिर पांढरा उजेड पुढे, लाल मागे. पाववाल्यांनी आणि दूधवाल्यांनी लाल दिवा सीटखाली न लावता ओझ्याच्या सर्वांत मागच्या कडेला बांधावा.

आता मुख्य मागणी. बरा हेडलाइट आणि मागचा दिवा मिळून हजार ते दीड हजार रुपये लागतात. शंभर घरांच्या बिल्डिंगमध्ये हा खर्च घरटी दहा-पंधरा रुपये पडतो. पण पहाटे पेपर टाकणाऱ्या मुलाला तो एकट्याने परवडणारा नाही. म्हणून माझी शांतीनगर, शीतलनगर, नयानगर, कनकिया, हटकेश, इंद्रलोक आणि गावठाणांतल्या प्रत्येक सोसायटीला आणि चाळीला विनंती आहे की येत्या मासिक सभेत हा एक विषय घ्या. आपल्याकडे सायकलने येणारा वॉचमन, पेपरवाला, दूधवाला, पाववाला कोण कोण आहे याची यादी करा आणि दिवाळीच्या पोस्ताबरोबर त्यांच्या सायकलीला पुढे-मागे दिवा बसवून द्या. नुसती वस्तू हातात देऊ नका. भिंतीसमोर उभे राहून झोत जुळवून द्या आणि वॉचमनच्या केबिनमधल्या प्लगवर चार्ज करण्याची परवानगी द्या. फुकटच्या दिव्यापेक्षा ती परवानगी पुष्कळदा जास्त उपयोगी पडते.

बेकरीमालकांनी आणि वर्तमानपत्रांच्या एजंटांनी सायकल कामाला लावताना दिवा ही धंद्याची सामग्री समजावी, जसा तराजू किंवा कॅरिअर. कारखानदारांनी रात्रपाळीच्या गेटवर चार चार्जिंग पॉइंट काढून द्यावेत. क्लास आटोपून रात्री नऊला सायकलवर परतणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी घंटी आणि ब्रेक पाहतो तसा दिवा पाहावा. महानगरपालिकेने सायकलवाले ज्या कडेने जातात त्या कडेच्या गटारांची झाकणे आणि बंद पडलेले खांब आधी दुरुस्त करावेत. वाहतूक पोलिसांनी दिवा नसलेल्या सायकलवाल्याला हाकलण्याआधी त्याला थांबवून विचारावे की दिवा कोण देईल. आणि माझ्यासारख्या हौशी सायकलस्वारांनी आपले प्रखर झोत आजच खाली वळवावेत.

राई गावाचा तो दूधवाला पुढेही त्याच रस्त्याने येत राहिला. त्याच्या हँडलवर आता 200 लुमेनचा एक दिवा आहे, आणि त्याचा झोत मीच भिंतीसमोर जुळवून दिला आहे. तुमच्या दारी उद्या पहाटे जो येईल, त्याच्या सायकलीकडे एकदा खाली उतरून पाहा.

आपला नम्र,
भाईंदर पश्चिमेचा एक सायकलस्वार रहिवासी