केयी, कावया आणि मनूबाबा

जामनेरला एका वर्गात मी काही दिवस इंग्रजी शिकवत होतो. फळ्यावर ‘बनाना’ लिहिलं की पोरं एका सुरात ओरडायची, ‘केयी!’ तिथल्या तावडी बोलीत ळचा य होतो, म्हणून कावळ्याचाही कावया. पुस्तकातली तहानलेल्या कावळ्याची गोष्ट मात्र कुणाच्या गळी उतरेना. मग एके दिवशी गोष्टीतला कावया केळीच्या बागेत नेला. तिथे तो ठिबकच्या नळीशी भांडू लागला, आणि मागच्या बाकावरचा, तोवर तोंड न उघडलेला एक जण उठून म्हणाला, ‘सर, क्रो अँग्री!’ व्याकरण कच्चं, पण वाक्य त्याचं स्वतःचं.

बालकथांचा हा अंक जुळवताना साने गुरुजी आठवणारच. माझ्यासारखेच तेही खानदेशात बाहेरून आलेले, कोकणातल्या पालगडचे. १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक, वसतिगृहातल्या मुलांचं सगळं बघणारे, त्यांच्यासाठी ‘विद्यार्थी’ मासिक काढणारे. ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली, हे सगळ्यांना ठाऊक. पण जॉर्ज एलियटच्या ‘सायलस मार्नर’वरून त्यांनी ‘मनूबाबा’ लिहिला, हे किती जण सांगतील? मूळ कादंबरीतला विणकर इंग्लंडातला, गुरुजींनी त्याला थेट आपल्या ओसरीवर आणून बसवलं.

अंकातल्या बऱ्याच गोष्टी शिक्षकांच्या आहेत. मुद्रितं तपासताना एका गोष्टीतल्या ‘केयी’ची कुणीतरी ‘केळी’ केली होती. आम्ही ती पुन्हा ‘केयी’ केली.