महाविद्यालयांची मैदाने ओस का पडली?

वर्षभरातील क्रीडाकामगिरीत सर्वश्रेष्ठ ठरणाऱ्या विद्यापीठाला मौलाना अबुल कलाम आझाद करंडक देण्याची प्रथा १९५६-५७ साली सुरू झाली. त्या पहिल्याच वर्षी करंडक पटकावला तो मुंबई विद्यापीठाने. आज मुंबईतील किती विद्यार्थ्यांना, किंबहुना किती प्राध्यापकांना, ही गोष्ट ठाऊक असेल, हा प्रश्नच आहे. पुढे या करंडकाने उत्तरेची वाट धरली. मुंबईहून शंभराहून अधिक वर्षांनी लहान असलेल्या, १९६९ साली अमृतसरला स्थापन झालेल्या गुरू नानक देव विद्यापीठाने तो वीसहून अधिक वेळा जिंकला. २०२४ सालचा करंडक चंदीगड विद्यापीठाकडे गेला. पंजाबच्या विद्यापीठांनी हे यश घाम गाळून मिळवले आहे आणि त्याचे मनःपूर्वक कौतुकच करावयास हवे. परंतु दुसऱ्याच्या यशाचे कौतुक करीत असताना आपल्या घरात काय हरवले, याचा शोध घेण्याचे कर्तव्य काही टळत नाही.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. पुण्याचे डेक्कन महाविद्यालय, मुंबईची एल्फिन्स्टन आणि विल्सन ही महाविद्यालये या विद्यापीठाच्या छत्राखाली वाढली. त्या काळच्या शिक्षणाचा साचा परकीय सत्तेचा होता. पण त्यात शिकणारी तरुण पिढी मात्र स्वतःच्या बुद्धीने स्वतःला घडवीत होती. १८७३ साली डेक्कन महाविद्यालयात दाखल झालेल्या बाळ गंगाधर टिळक नावाच्या विद्यार्थ्याने पहिले वर्ष पुस्तकांपेक्षा व्यायाम, पोहणे आणि नौकानयन यांत घालवले, ही हकीकत मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. त्या वर्षाची किंमत टिळकांनी परीक्षेत मोजली. त्याचे मोल मंडालेच्या सहा वर्षांत कळून आले. शरीर कमावणे हा विद्याभ्यासाचाच भाग आहे, ही धारणा त्या पिढीने अशी आचरणातून रुजवली.

पुढे महाविद्यालयांचे संघ उभे राहिले, त्यांच्यात चुरस निर्माण झाली आणि या चुरशीतून विद्यापीठाचा संघ निवडला जाऊ लागला. आंतरविद्यापीठ क्रिकेटसाठी रोहिंटन बारिया करंडक १९३५-३६ साली सुरू झाला आणि तो सर्वाधिक वेळा मुंबई विद्यापीठानेच जिंकला. विजय मर्चंट सिडनहॅम महाविद्यालयातून आले. मुंबई विद्यापीठाचे नेतृत्व करणाऱ्या पॉली उम्रीगर यांनी १९४८ साली वेस्ट इंडीजच्या पाहुण्या संघाविरुद्ध संयुक्त विद्यापीठ संघाकडून नाबाद ११५ धावा काढल्या आणि त्याच दौऱ्यात ते कसोटी संघात दाखल झाले. गोव्यातील मडगावहून मुंबईत आलेले दिलीप सरदेसाई विल्सन महाविद्यालयात शिकत होते. १९५९-६० च्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत त्यांनी ४३५ धावा केल्या आणि पुढच्याच मोसमात पुण्यात पाकिस्तानच्या संघापुढे भारतीय विद्यापीठांच्या वतीने उभे राहून ८७ धावांची खेळी केली. विद्यापीठाचा संघ आणि देशाचा संघ यांच्यातील अंतर त्या काळी एका चांगल्या खेळीइतकेच होते.

अजित वाडेकर यांची कथा तर अधिकच बोलकी आहे. अभियंता होण्याची आकांक्षा बाळगणारा हा एल्फिन्स्टन महाविद्यालयातील विज्ञान शाखेचा विद्यार्थी १९५७ साली बसने महाविद्यालयात निघाला होता. त्याच बसमध्ये असलेल्या बाळू गुप्ते या वरच्या वर्गातील खेळाडूने त्याला महाविद्यालयाच्या संघात बारावा गडी म्हणून येण्याविषयी विचारले. भत्ता होता ३ रुपये. त्या तीन रुपयांच्या बाराव्या गड्याने १९७१ साली वेस्ट इंडीजमध्ये आणि इंग्लंडमध्ये भारताला मालिका जिंकून दिल्या. वेस्ट इंडीजच्या त्या दौऱ्यात सुनील गावसकर यांनी ७७४ आणि सरदेसाई यांनी ६४२ धावा केल्या. कर्णधार एल्फिन्स्टनचा, एक फलंदाज विल्सनचा, दुसरा सेंट झेवियर्सचा! एकाच विद्यापीठाच्या तीन महाविद्यालयांनी देशाला दिलेले हे दान होते.

ही परंपरा पुढे माटुंग्याने चालवली. शिक्षण प्रसारक मंडळीची रुईया आणि पोदार ही शेजारशेजारची दोन महाविद्यालये. रुईयाने संदीप पाटील दिले, पोदारने दिलीप वेंगसरकर आणि रवी शास्त्री. १९८३ साली विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय चमूत हे तिघेही होते. पुण्यातील देणगीदारांच्या आणि ध्येयवादी शिक्षकांच्या बळावर वाढलेल्या एका शिक्षणसंस्थेने हे साधले, ही गोष्ट आजच्या संस्थाचालकांनी विशेष ध्यानात घ्यावी.

परंतु विद्यापीठीय क्रीडेचा इतिहास म्हणजे मुंबईतील क्रिकेटचा इतिहास नव्हे. एकेकाळी याच विद्यापीठाशी संलग्न असलेल्या, पुढे पुणे आणि नंतर शिवाजी विद्यापीठाकडे गेलेल्या कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाने जे केले, त्याला तोड नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव या महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्याची वेळ आली तेव्हा पैशांची अडचण उभी राहिली. गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर कुस्त्यांचे फड लढवून त्यांनी प्राचार्यांचे घर सोडवून दिले. गुरूने शिष्यासाठी घर पणाला लावावे आणि शिष्याने पदकापाठोपाठ ते ऋणही फेडावे, गुरुशिष्य परंपरेचे याहून उज्ज्वल उदाहरण आधुनिक काळात क्वचितच सापडेल. महाराष्ट्र शासनाने खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा राज्य क्रीडादिन म्हणून २०२३ साली घोषित केला. त्या दिवशी महाविद्यालयांतून खाशाबांच्या प्रतिमेला हार घातला जातो. खर्डेकरांचे स्मरण किती ठिकाणी होते?

मग बिघडले कोठे? एक कारण उघड आहे. क्रिकेटमध्ये वयोगटांच्या स्पर्धा, अकादमी आणि व्यावसायिक लीग यांनी खेळाडूची वाट महाविद्यालयाबाहेरून वळवली. गुणवान मुलगा आज सतराव्या-अठराव्या वर्षी महाविद्यालयात केवळ नाव नोंदवतो. याला कोणी दोषी नाही. काळाचा तो ओघ आहे. पण दुसरी कारणे आपली आपणच निर्माण केलेली आहेत. महाविद्यालये वाढली, मैदाने वाढली नाहीत. इमारतीच्या एका मजल्यावर चालणाऱ्या महाविद्यालयाकडून कबड्डीच्या संघाची अपेक्षा कशी करावी? जेथे मैदान आहे तेथे ते कधी वाहनतळ होते, कधी लग्नसमारंभाचा मंडप. क्रीडाशिक्षकाकडे प्रवेशापासून परीक्षेपर्यंतची सर्व कामे सोपवली जातात आणि उरलेल्या वेळात त्याने संघ घडवावा अशी अपेक्षा असते. षण्मासिक परीक्षांच्या वेळापत्रकात सामन्यांना जागा नसते; खेळण्यासाठी गेलेल्या विद्यार्थ्याला परतल्यावर हजेरीसाठी अर्ज घेऊन दारोदार फिरावे लागते.

याचा अर्थ सारे संपले असा नाही. २०२० साली भुवनेश्वरला पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा झाल्या, तेव्हा पंजाब विद्यापीठाच्या पाठोपाठ दुसरे स्थान मिळवले ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने. पदके मिळवणाऱ्या मुलामुलींत जिद्द आणि गुणवत्ता आजही आहे, याचा हा पुरावा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ अन्वये प्रत्येक विद्यापीठात क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळाची तरतूद झाली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने खेळाला शिक्षणाच्या मुख्य प्रवाहात स्थान दिले आहे. कायदा आहे, धोरण आहे; उणीव आहे ती त्यांना प्राण देणाऱ्या माणसांची.

म्हणून काही गोष्टींचा आग्रह समाजानेच धरला पाहिजे. नव्या महाविद्यालयाला मान्यता देताना मैदान कागदावर आहे की जमिनीवर, हे पाहिले जावे. ज्यांना स्वतःची जागा नाही अशा शेजारच्या चार महाविद्यालयांनी एक मैदान, एक तालीम सामायिक करावी. परीक्षा आणि स्पर्धा यांचे वेळापत्रक विद्यापीठाने एकत्र बसून आखावे. आणि प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या खेळाडूंचा इतिहास लिहून काढावा. जुनी छायाचित्रे कपाटात धूळ खात आहेत. ज्यांनी ते सामने पाहिले ती पिढी हळूहळू निघून चालली आहे. ज्या संस्थेला आपले पूर्वसूरी ठाऊक नाहीत, तिच्या मैदानावर नवा विद्यार्थी कोणाच्या पावलावर पाऊल ठेवील?

माजी विद्यार्थ्यांचेही यात कर्तव्य आहे. वर्षातून एकदा स्नेहसंमेलनाला जमून जुन्या विजयांच्या आठवणी काढणे सोपे. एखाद्या होतकरू मल्लाचा खुराक किंवा धावपटूचा प्रवासखर्च उचलणे थोडे कठीण, पण आवाक्याबाहेरचे मुळीच नाही. पंजाबच्या विद्यापीठांनी शिष्यवृत्ती, निवास आणि प्रशिक्षक यांची सोय केली म्हणून करंडक तिकडे गेला. तो परत आणायचा तर मार्गही तोच आहे.

खर्डेकरांना आपले घर गहाण ठेवावे लागले, कारण त्यांच्यापाशी दुसरे काहीच नव्हते. आजच्या शिक्षणसंस्थांपाशी इमारती आहेत, निधी आहे, कायद्याचे पाठबळ आहे. त्यांना कोणी घर गहाण टाकायला सांगत नाही. मैदानाचे कुलूप तेवढे काढा, एवढीच मागणी आहे.