उमेदवाराची खरी ओळख

महापालिकेची निवडणूक आली की भिंतीवरची छायाचित्रेच उमेदवाराची ओळख ठरतात. १९६१ साली गोरेगावातून मुंबई महापालिकेवर निवडून गेलेल्या मृणाल गोरे यांची ओळख निराळी होती. वैद्यकीय शिक्षण सोडून त्या समाजवादी चळवळीत आल्या. 'पाणीवाली बाई' हे त्यांचे नाव कोणा प्रचारप्रमुखाच्या लेखणीतून उतरले नव्हते. पाण्यासाठी दिलेल्या लढ्यांतून ते लोकांच्या तोंडी रुळले. पुढे १९७२ साली विधानसभेत आणि १९७७ साली लोकसभेत त्या गेल्या, तरी हे नाव कायम राहिले.

नगरसेवकपद ही आमदारकीची पायरी नव्हे. नळ, गटार, दवाखाना, शाळा यांचा निर्णय महापालिकेच्या अंदाजपत्रकात होतो. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. परंतु तेथे प्रश्न विचारणारा प्रतिनिधी नसेल तर ती कागदावरच राहते.

म्हणून कार्यकर्त्यांनी दारोदार जाताना उमेदवाराचे गुणगान गाऊ नये. त्याने वस्तीसाठी आजवर काय केले, एवढेच सांगावे. सांगण्यासारखे काही नसेल, तर चूक प्रचाराची नव्हे, निवडीची आहे.